आधी कोणती जपानी अ‍ॅनिमेशन मालिका बघायची: ‘हानाको-कुन’ की ‘अनदर’?

तिसरा मजला, मुलींचं स्वच्छतागृह, तिसरं दार. तीनदा टकटक करायची आणि विचारायचं, “हानाको-सान, आहेस का?” आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा, तशी जपानी शाळांमध्ये ही हानाको. तिथे शाळेशाळेची ‘सात आश्चर्यं’, म्हणजे भुताखेतांच्या सात दंतकथा असतात, त्यातलं हे बहुतेकांना ठाऊक असलेलं.

‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’ (२०२०, लेर्चे स्टुडिओ) इथूनच सुरू होतं, पण दार उघडल्यावर समोर येतो तो मुलगा! नेने याशिरो ही शाळकरी मुलगी त्याच्याकडे प्रेमाचा नवस घेऊन जाते आणि भलत्याच शापात अडकून त्याची मदतनीस होते. या मालिकेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथला नियम: लोक जे बोलतात तसंच भुताला वागावं लागतं. वस्तू पळवणारे ‘मोक्के’ बघणाऱ्याचा जीव घेतात अशी अफवा असते, म्हणून ते खरोखर जिवावर उठतात. मग मारामारी करून भागत नाही, नवी अफवा पसरवावी लागते: त्यांना गोळ्या-चॉकलेटं दिली की झालं. गावगप्पांची ताकद इतक्या गमतीने दाखवलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. जाड रेघांची, भडक रंगांची चित्रं काहींना खटकतात. हालचाल कमी आहे हेही खरं. आणि हानाकोच्या हातात सुरा का, हे कळायला लागलं की हसू ओसरतं.

‘अनदर’मध्ये (२०१२, पी. ए. वर्क्स) अफवा बदलता येत नाही. १९९८ साल, योमियामा गावातली माध्यमिक शाळा, तिचं तिसरं वर्ष (आपली नववी), वर्ग तीन. २६ वर्षांपूर्वी या वर्गातला मिसाकी नावाचा लाडका विद्यार्थी गेला; मुलांनी तो जिवंतच आहे असं वागायचं ठरवलं, आणि निरोपाच्या फोटोत तो दिसला. तेव्हापासून काही वर्षी वर्गात एक जण जास्त भरतो. तो मेलेला असतो, पण कोण ते त्यालाही माहीत नसतं. कागदपत्रं आणि आठवणी आपोआप बदलतात. मग विद्यार्थी आणि त्यांचे नातेवाईक एकेक करून मरू लागतात. युकितो आयात्सुजी यांच्या रहस्यकादंबरीवरून केलेली ही मालिका आहे, त्यामुळे धागेदोरे आधीच समोर ठेवलेले असतात. सुरुवातीला रेंगाळते, तरी तिसऱ्या भागातल्या छत्रीपर्यंत धीर धरा. शेवटचे दोन भाग मला अतिरेकी वाटले. घरात लहान मुलं असतील तर मात्र त्यांच्यासमोर लावू नका.

दोन्ही बारा-बारा भागांच्या. फरक असा की ‘अनदर’ बाराव्या भागात कोडं सोडवून मोकळी होते. ‘हानाको-कुन’चा पहिला हंगाम प्रश्न लोंबकळत ठेवतो आणि दुसऱ्यासाठी थेट २०२५ उजाडलं. एका शनिवार-रविवारात उरकायचं असेल तर ‘अनदर’. रोज जेवताना एक भाग, अधूनमधून हसू, अधूनमधून घशात आवंढा, असं हवं असेल तर ‘हानाको-कुन’. मी स्वतः दुसऱ्या गटातला.

कुणीतरी तुम्हाला ‘गाक्को नो काइदान’ही (२०००) सुचवेलच. जुन्या पद्धतीची, दर भागात नवं भूत, पाचवीतली सात्सुकी आणि तिच्या मांजरात अडकलेला आमानोजाकू नावाचा राक्षस. फक्त जपानी आवाजातच बघा. इंग्रजी डबमध्ये संवाद पार बदलून चावट टवाळकी घातली आहे. ती मजेदार आहे, पण तिला कुणी घाबरणार नाही.