मिरजेचा तंबोरा, खाँसाहेबांची एलपी आणि मन्सूरांची सीडी

मंडळी, यंदा गाण्यासाठी तीन गोष्टी घेतल्या आणि तिन्हींबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं, पण आधीच सांगते, तंबोऱ्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी काळी चारला गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. इतकी वर्षं मोबाईलच्या ॲपवर रियाज चालला, सूर पक्का मिळतो त्यात, पण तो तयार मिळतो ना, आपल्याला काहीच मिळवावं लागत नाही, आणि कान तिथंच आळशी होतो असं माझं ठाम मत आहे. सांगलीत राहून मिरजेचा तंबोरा घरात नाही हेही बरं वाटत नव्हतं. शेवटी मिरजेची सतारमेकर गल्ली गाठली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आनंदच आहे, पण तिथं बसून काम बघितलं की कळतं हे नाव कशावर टिकलंय ते.

दुकानात नक्षीचे, वेलबुट्टीचे एकेक सुंदर तंबोरे होते. मी साधा घेतला. भोपळा चांगला पोसलेला, दांडी सरळ, बाकी काही नाही, कारण पैसे घालायचे ते आवाजात. आणि आवाज म्हणजे जवारी! ज्या घोडीवरून तारा जातात ती दिसायला सपाट, पण तिला अगदी बारीक उतार असतो, तार त्यावर घासत थरथरते म्हणून तो झंकार येतो, तो जुळवून आणणं म्हणजे जवारी लावणं. कारागिरांनी आधी माझा सा विचारला, कारण काळी एकला लावलेली जवारी काळी चारला तशी खुलत नाही. मग तारा सैल केल्या, घोडीवर कानस फिरवली, पुसली, तारा चढवल्या, छेडलं, नाही म्हणून मान हलवली, परत सैल. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन सा च्या तारा लवकर बोलल्या, खर्जानं, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेनं, मात्र वेळ खाल्ला. शेवटी त्यांनी तारेखालचं सूत नखानं केसभर सरकवलं आणि खर्जातून गंधार असा स्वच्छ वर आला की मी बोलायचंच थांबले. तार गंधाराची नाही आणि गंधार ऐकू येतोय, हा स्वयंभू गंधार पुस्तकात वाचलेला, पण इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला.

घरी आणल्यावर पंचमाची खुंटी घसरायला लागली, फोन केला तर म्हणाले खडू लावा, लावला, बसली.

आता एलपी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या एकत्र करून काढलेली, जुन्या बाजारातून मागवली. विकणाऱ्यानं एकदम नवी म्हणून सांगितलेली, प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे आणि सुई उडते, तेव्हा उजेडात तिरकी धरून काढलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. गाण्याबद्दल काय बोलू! मूळ तबकडीची तीन-सव्वातीन मिनिटांची एकेक बाजू, आणि त्यात झिंझोटीतलं ‘पिया बिन नाही आवत चैन’ कुठंही घाईत वाटत नाही. खाँसाहेब मिरजेला राहिले, 1937 मध्ये गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, उरुसात तिथं अजून गाणं होतं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पण सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींवर, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांवर, काम करत होते, 1910 मध्ये त्यांचं पुस्तकही आलं, त्यांना स्वर गाऊन दाखवायला खाँसाहेबच होते, हे फारसं कुणी बोलत नाही. रोज सकाळी तंबोरा मिळवायला लागल्यापासून ही एलपी मला वेगळीच ऐकू येते, ते गंधारावर थांबतात तेव्हा नक्की कुठं थांबलेत ते आता ऐकू येतं, आधी नुसतं गोड वाटायचं.

मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अनवट रागांसाठी घेतली. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, तबला जरा पुढं आलाय. हिंदुस्थानी संगीतातले त्यांचे पहिले गुरू मिरजेचे नीलकंठबुवा, म्हणजे तिन्ही गोष्टी फिरून मिरजेतच आल्या बघा.

घेणार असाल तर एवढंच करा, ऑनलाईन मागवू नका, स्वतः जा, आपला सा सांगून समोर बसून जवारी लावून घ्या. मला तारा बसल्यावर परत दाखवायला बोलावलंय, सांगली-कोल्हापूरकडून कुणाला यायचं असेल तर कळवा, बरोबरच जाऊ.