पेगासस 41 चार महिने पळवले, त्याबद्दल

तर आधी बूट. नाइकीचा पेगासस 41, आठवड्यातले चार दिवस सकाळी साडेपाचला इंदूरच्या रेसिडेन्सी एरियात पळतो, नंतर पोहे-जिलबी खाऊन पळलेलं सगळं भरून काढतो ते सोडा. टाचेखाली एक आणि पंजाखाली एक अशा हवेच्या दोन गाद्या आहेत, बाकी सगळा रिअ‍ॅक्टएक्स फोम, डांबरावर पळूनही गुडघे कुरकुरत नाहीत आणि माझी पंचेचाळिशी उलटलीय. हे मॉडेल 1983 पासून चालू आहे, उगाच नाही.

आता दुकानाचा किस्सा. नाव घेत नाही. पोरगं रील बघत बसलेलं, मला 8 नंबर काढून दिला, टाइट आहे म्हटलं तर म्हणे भिया चार दिन में ढीला हो जाएगा. अरे हे काय कोल्हापुरी आहे का सैल व्हायला! पंधरा दिवसांत अंगठ्याचं नख निळं, बदलायला गेलो तर सोल घासलाय म्हणून हात वर. ते गेले भाच्याला. दुसरा जोड वेगळ्या दुकानातून घेतला, तिथल्या काकांनी आधी माझे पळायचे मोजे घालायला लावले मग दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढ-उतर करवल्या आणि म्हणाले साडेआठ. बरोबर बसला. एकूण हिशोब बायकोने अजून विचारलेला नाही.

गंमत म्हणजे असल्या काकांना सोडणं खुद्द कंपनीला महागात पडलं. 2020 ला सीईओ झालेले जॉन डोनाहो ईबे वगैरेतून आलेले, त्यांनी कित्येक दुकानांचा माल तोडला, घ्यायचं तर आमच्या अ‍ॅपवरून नाहीतर आमच्या स्टोअरमधून, मग रिकाम्या झालेल्या फळ्यांवर होका आणि ऑन हे दुसरे ब्रँड येऊन बसले. जून 2024 मध्ये एका दिवसात शेअर 20 टक्क्यांच्या आसपास आपटला, ऑक्टोबरात डोनाहोंच्या जागी एलियट हिल. हा घरचा माणूस, 1988 ला इंटर्न म्हणून लागलेला, 2020 ला रिटायर झालेला, त्याला परत बोलावलं आणि त्याने पहिल्यांदा दुकानदारांशी गोडीगुलाबी सुरू केली.

पण जिभेमागचं लेबल बघितलं, मेड इन व्हिएतनाम. बूट शिवणारे कंपनीच्या पगारावर नसतातच, सगळं कंत्राटी कारखान्यांत. 1996 ला लाइफ मासिकात पाकिस्तानातल्या नाइकीचा फुटबॉल शिवणाऱ्या पोराचा फोटो आला तेव्हा जगभर बोंब झाली, 1998 ला कंपनीचे संस्थापक फिल नाइट स्वतःच बोलले की आमचा माल म्हणजे गुलामीची मजुरी आणि जबरीचा ओव्हरटाइम असं समीकरण झालंय, मग बुटाच्या कारखान्यात 18 च्या खालचं कुणी नको असा नियम, 2005 ला कारखान्यांची यादीही जाहीर केली. 2018 ला हेडऑफिसातल्याच बायका पगार आणि वागणुकीवरून कोर्टात गेल्या, ते वेगळं.

इंदूरकराला यातलं फार समजवावं लागत नाही. इथली हुकुमचंद कापड मिल 1991-92 च्या सुमारास बंद, मजुरांच्या थकबाकीचा चेक निघाला डिसेंबर 2023 ला. त्यामुळे साहेब बदलल्याची बातमी आली की मी खाली शिलाईवाल्यांचं काय झालं ते शोधतो, आणि बातमी शेअरच्या भावावर संपते.

असो, घ्यायचे असतील तर संध्याकाळी जा, पाय तेव्हा जरा फुगलेला असतो, मोजे स्वतःचे न्या आणि पायऱ्या असलेलं दुकान बघा.