आठ अ पाहून घर घेतलं आणि जागा निघाली सरकारची

हे लिहायला तीन वर्षं लावली, कारण लाज वाटत होती. मी काही अडाणी माणूस नाही, दहा एकराचा कास्तकार आहे, सातबारा वाचता येते, फेरफार कशाले म्हणतात ते मले कोणी शिकवाची गरज नाही, आणि तरी साडेचार लाख रुपये देऊन मी असं घर घेतलं ज्याची जागा विकणाऱ्याच्या बापाचीही नव्हती आणि आजाचीही नव्हती. गंमत अशी (आता गंमत म्हणतो, तेव्हा आठ दिवस भाकर गोड लागली नाही) की मले एकही कागद खोटा दाखवला नाही. शिक्का खरा, सही खरी, पावत्या खऱ्या. मी फसलो तो शब्दांत.

२०२२ ची सुरुवात आठवत असन सगळ्यांना, कापूस दहा हजारावर गेला होता. कापसाले असा भाव जिंदगीत पाह्यला नव्हता, आमच्या घरी दोन खोल्या कापसानं छतापर्यंत भरलेल्या, बाकीच्यांनी आधीच काढला आणि मी जरा थांबलो म्हणून हाती पैसा आला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, रोडपासून आत, पावसाळ्यात नाला आला की पोरगी शाळेत जात नाही आणि मायले दवाखान्यात न्यायचं तर ट्रॅक्टर. म्हणून रोडवरच्या मोठ्या गावात एखादं घर पाहावं असं बायकोच्या डोक्यात चार वर्षांपासून होतं. मामेसासऱ्यांच्या ओळखीतून एक दलाल आला. माणूस बोलायला असा गोड की चहात साखर टाकाचं काम नाही. म्हणे, भाऊ, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे लाईन येऊन राह्यली, आता घेतलं तर घेतलं, दोन सालानं याच जागेचे दहा होतात. रेल्वेचं काम चालू होतंच, ते काही खोटं नव्हतं, म्हणून बाकीचंही खरंच वाटलं.

घर चांगलं होतं. विटांच्या दोन खोल्या, वर टीन, मागे न्हाणी, समोर आंगण, कडुनिंबाचं झाड, नळ, मीटर. विकणारा बुढा पोराकडे पुण्याले चालला होता. मी म्हटलं कागद दाखवा. दलालानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि म्हणाला, "हा पहा आठ अ. काकांच्या नावचा. भोगवटादार कोण आहे तुम्हीच वाचा, तुम्ही तर कास्तकार मानूस."

मी वाचलं. भोगवटादाराच्या खाली बुढ्याचं नाव. झालं, माझं समाधान झालं.

इथं थोडं थांबून सांगतो कारण सगळी मेख इथंच आहे. आपल्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' असं लिहिलं असते, आणि त्याचा अर्थ ती जमीन त्याची, तो विकू शकते, कोणाले विचारायचं काम नाही. वर्ग २ असन तर विकायच्या आधी कलेक्टरची परवानगी लागते, सरकारनं वाटप केलेल्या जमिनी बहुतेक त्यात येतात. हे शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले. म्हणजे मी जन्मापासून ज्या कागदावर 'भोगवटादार' वाचत आलो तिथं त्याचा अर्थ धनी. पण तो माझ्या हातातला कागद तलाठ्याचा नव्हताच! तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, म्हणजे घरटॅक्स कोणाकडून किती घ्यायचा याचं रजिस्टर. तलाठ्याकडे जो गाव नमुना ८-अ असते त्यात एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे ते असते. हे दोन अगदी वेगळे कागद, वेगळं खातं, वेगळा साहेब, पण आमच्याकडे लोकं दोन्हीले सरसकट 'आठ अ' म्हणतात. पंचायतीच्या नमुन्यात दोन रकाने असतात, एक मालकाच्या नावाचा आणि एक भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा. तिथं भोगवटादार म्हणजे फक्त राहणारा. मालकाच्या रकान्यात काय लिहिलं होतं? 'महाराष्ट्र शासन'. माझ्या डोळ्यासमोर होतं ते. दलालाचा आंगठा त्यावर होता का माझीच नजर तिकडे गेली नाही हे आजही सांगता येत नाही. बायको म्हणते आंगठा होता.

मी रजिस्ट्रीचं विचारलं होतं बरं का. एवढा भोळा नाही. तर म्हणे, "गावातल्या घराची रजिस्ट्री कोन करते भाऊ, पंचायतीत नाव चढलं की झालं, कायले स्टॅम्प ड्युटीत पैसे घालता." आणि खरं सांगू, पैसे वाचून राह्यले हे ऐकून बरंच वाटलं. शंभर रुपये किंवा त्याच्यावरची स्थावर मिळकत रजिस्ट्री झाल्याशिवाय विकली जात नाही, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात लिहून आहे आणि तो कायदा १८८२ चा आहे, म्हणजे इंग्रजाच्या काळातला. शंभर रुपयात आज दोन किलो तेलही येत नाही आणि मी साडेचार लाखाचा व्यवहार शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीकडून करून घेतला.

त्या स्टॅम्पवरचा मजकूर मी नंतर इतक्यांदा वाचला की पाठ झाला. त्यात 'घर विकले' असं कुठंच नव्हतं. होतं ते 'सदर इमला व त्यावरील कब्जा हक्क'. इमला म्हणजे मले वाटलं घरच, जुना शब्द असन. वकिलानं सांगितलं इमला म्हणजे वरचं बांधकाम, भिंती, टीन, दारं-खिडक्या. खालची जमीन त्यात येत नाही. आणि कब्जा म्हणजे कब्जा, मालकी नाही. म्हणजे कायद्यानं पाह्यलं तर बुढ्यानं मले विटा आणि टिनं विकले. अजून ऐका, चतुःसीमेत लिहिलं होतं 'पूर्वेस रस्ता, उत्तरेस शेजाऱ्याचे घर, पश्चिमेस व दक्षिणेस ई क्लास'. मी वाचून खूश झालो होतो की मागे मोकळं आहे, दोन ढोरं बांधता येतीन.

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाले ई क्लास सांगाची गरज नाही पण बाहेरचं कोणी वाचत असन तर, ई क्लास म्हणजे गायरान, गुरं चाराची सरकारी जमीन. दोन बाजूनं ई क्लास आहे म्हणजे मधलं घर आभाळातून पडलं काय, एवढा विचार माणसानं करावा की नाही. नाही केला. पूर्व विदर्भात असंच झुडपी जंगलाचं आहे, नावात जंगल आणि जागेवर घरं, शाळा, दवाखाने, आणि २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ते जंगलच. तिकडच्या लोकांनी तर डबल पाहून घ्यावं.

पहिली शंका पावसाळ्यात आली. टीन गळत होतं, म्हटलं एका खोलीवर स्लॅब टाकून घेऊ, मिस्त्री ठरवला, गिट्टी पाडली. पंचायतीचे सचिव स्वतः आले. चांगला माणूस, त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, टीन बदला, भिंतीले गिलावा करा, ती दुरुस्ती झाली, तिले कोणी अडवत नाही, पण जुनं पाडून नवीन उभारलं की ते बांधकाम झालं, त्याले ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली आधी परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जाले मालकीचा कागद जोडा लागते. मी आठ अ पुढं केला. त्यांनी माझ्याकडे असं पाह्यलं जसं मयतीच्या घरी पाहतात.

"हे तर टॅक्सचं आहे भाऊ."

"मंग टॅक्स काहून घेता तुम्ही?"

तर म्हणे, टॅक्स घरावर असते, तो राहणाऱ्याकडून घेतो, दिवाबत्ती, नाली, पाणी सगळं वापरता ना, पण टॅक्स घेतला म्हणून पंचायतीनं जागा दिली असं होत नाही. लाईट बिलाचंही तसंच, मीटर लागलं म्हणजे कनेक्शन मिळालं, मालकी नाही. मी ज्या ज्या गोष्टीवर भरोसा ठेवला होता, टॅक्स पावती, लाईट बिल, नळपट्टी, ते सगळे मी तिथं राहतो एवढंच सांगत होते.

मी म्हटलं पण घर तर गावठाणात आहे ना, चारी बाजूनं गाव आहे. दुसरा शब्द. गावात आहे म्हणजे गावठाणात आहे असं नसते. गावठाण म्हणजे जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली कलेक्टरनं ठरवून दिलेली हद्द. गाव वाढत जाते, हद्द जागेवरच राहते. आमच्या लाईनीतली सगळी घरं त्या रेषेच्या बाहेर, कोणाचं पन्नास फूट, कोणाचं दोनशे. दलाल 'गावठाणाले लागून आहे' म्हणाला होता, आणि ते खरंच होतं, लागून होतं! याच्यात अजून एक भानगड सांगतात लोकं, की गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती, करायचं काम नाही. तशी तरतूद संहितेत केली होती, पण ती स्वतःच्या मालकीची शेतजमीन घरासाठी वापरायची तर होती. गायरान तुमचं होत नाही त्यानं. दोनशे मीटर हा शब्द ऐकवून पण लय लोकं विकून राह्यले सध्या.

ड्रोनवाली मोजणी झाली होती, स्वामित्व योजनेची, २०२० पासून चालू आहे ती. गावठाणातल्या लोकांना त्यातून आखीव पत्रिका मिळतात, पुण्याकडे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते. आमच्या लाईनीत एकालाही नाही मिळाली. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमची लाईन सोडूनच उडालं ते विमान." त्यांना माहीत होतं. सगळ्या लाईनीले माहीत होतं. मी घर पाहायला आलो तेव्हा याच काकूंनी चहा पाजला होता, पण मी विचारलंच नाही तर त्या कायले सांगतीन, आणि बुढा त्यांचा वीस वर्षांचा शेजारी.

मंग तलाठ्याकडे गेलो. जे आधी करायचं ते नंतर. त्यांनी गाव नमुना १-ई उघडला. हे रजिस्टर मले माहीतच नव्हतं, गावातल्या सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद असते त्यात, कोणी, कोणत्या गटात, किती जागा अडवली. बुढ्याचं नाव होतं त्यात. बसल्या बसल्या पाच मिनिटात दिसलं. साडेचार लाख द्यायच्या आधी पाच मिनिटं तिथं बसलो असतो तर.

आणि नोव्हेंबरात नोटीस. २०२२ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाच्या आदेशावरून राज्यभर गायरानावरच्या लोकांना नोटिसा गेल्या, तुम्ही पेपरात वाचलं असन, मोर्चे निघाले, मंग ते थांबलं. आमच्या लाईनीतही आल्या. नोटीस बुढ्याच्या नावची, दार माझं. मायनं विचारलं काय आहे रे कागद, मी म्हटलं टॅक्सचं आहे.

अतिक्रमण नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करायचा रस्ता पाह्यला. सरकारी जागेवरच्या राहत्या अतिक्रमणांसाठी १ जानेवारी २०११ ही तारीख धरतात, त्याच्या आधी राहत होते हे दाखवा लागते. बुढा राहत होता आधीपासून, पण पावत्या २०१३ पासूनच्या. आणि २०११ च्याच जानेवारीत सुप्रीम कोर्टानं गायरानं मोकळी करा असा निकाल दिलेला, त्यामुळं गायरान म्हटलं की साहेब लोकं फाईलले हात लावत नाहीत. घरकुलाचंही विचारलं, तेव्हा एक लाख वीस हजार मिळत होते, पण त्यालेही स्वतःची जागा पाहिजे.

पोलीस म्हणाले दिवाणी मॅटर आहे. वकील म्हणाले फसवणूक आहे पण कागदात 'कब्जा' लिहून आहे आणि कब्जा तर तुम्हाला मिळाला, सही तुमची आहे, कोर्टात हेच पहिले विचारतीन. नोटीस पाठवली. बुढा पुण्यात वारला, खरंच वारला, त्याच्या पोरानं फोनवर रडत रडत सांगितलं आणि नंतर दोन हप्त्यात सत्तर हजार पाठवले, तेवढं त्याचं इमान. दलालाकडून एक रुपया नाही. तो म्हणते मी तर फक्त ओळख करून दिली, आणि सौद्याच्या दिवशी त्यानं दोन्हीकडून दोन टक्के घेतले ते कुठंच लिहून नाहीत.

कोणी असं घर पाहत असन तर विकणाऱ्याले फक्त एक विचारा, जागेचा गट नंबर काय. घराचा नंबर नाही, जागेचा. गट नंबर सांगितला तर सरकारच्या महाभूलेख साईटवर सातबारा मोबाईलवर दिसते, पैसे लागत नाहीत. गावठाणातलं आहे म्हणाला तर आखीव पत्रिका मागा, आणि दोन्ही नसन तर चहा पिऊन उठा. पंचायतीचा नमुना पाहाल तर आधी मालकाचा रकाना वाचा, आणि कागद स्वतःच्या हातात धरून वाचा.

आम्ही अजून तिथंच राहतो. जाणार कुठं. टीनच आहे वर, दर उन्हाळ्यात डांबर लावतो. टॅक्स भरतो, आता माझ्या नावची पावती येते.

मागच्या महिन्यात लाईनीच्या शेवटच्या घरापुढं एक बोलेरो थांबली, त्यातून तोच दलाल आणि एक नवरा-बायको, लेकरू कडेवर. दलाल फोनवर बोलायला बाजूले गेला तसं मी त्या माणसाले आंगणात बोलावलं. पाणी दिलं, माझा नमुना ८ काढून त्याच्या हातात दिला, म्हटलं वाचा. त्यानं सावकाश वाचला, मान हलवली आणि हसून म्हणाला, "तुमच्या नावावर तर झालं ना भाऊ, भोगवटादार तुम्हीच आहे."