सात घरांचा एक ग्लुकोमीटर

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मधुमेहाची माणसे सात घरांत मिळून नऊ आहेत. साखर तपासायची म्हणजे एसटीने तालुक्याला जायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे, मग काहीतरी खाऊन दोन तास लॅबच्या बाकावर बसायचे आणि पुन्हा रक्त द्यायचे, असा सबंध दिवस मोडत असे. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून एक ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून आलेल्या रक्ताच्या थेंबातून साखर मोजणारे यंत्र, घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच किमतीची आणि याच पद्धतीची चार-पाच यंत्रे बाजारात आहेत आणि पुढे ज्या तक्रारी मी करणार आहे त्या थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू पडतात.

रक्ताचा थेंब घ्यायच्या, एकदाच वापरता येणाऱ्या २५ पट्ट्यांसह यंत्र साडेनऊशे रुपयांना पडले. खरा खर्च पुढे आहे. ५० पट्ट्यांची डबी हजाराच्या आसपास मिळते आणि आमच्या डबीवर उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवण्याची सूचना आहे. आठवड्यातून एकदा तपासणारा एकटा माणूस तीन महिन्यांत तेरा-चौदा पट्ट्या वापरतो, उरलेल्या वाया जातात. नऊजणांत मात्र डबी दीड महिनाही टिकत नाही, त्यामुळे पट्टी नेहमी ताजी राहते. सामाईक यंत्राचा हा फायदा घेताना आमच्या लक्षातही आला नव्हता.

सामाईक काय असावे आणि काय नसावे, ही बाब मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावी लागते. सुई ज्याची त्याची, आणि सुई बसवायचे टोचणीचे पेनही ज्याचे त्याचे. सुई बदलली तरी पेन एकच वापरल्यास एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याला लागू शकतो आणि हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार अशा मार्गानेही पसरतो. खोक्यात पेन एकच येते, बाकीची आठ आम्ही वेगळी विकत घेतली. एका काकींनी सुरुवातीला ‘माका काय एक होणा नाय’ म्हणून हट्ट धरला होता, पण वाडीतल्या निवृत्त मास्तरांनी प्रत्येक पेनावर नावाची चिठ्ठी चिकटवल्यावर तो विषय मिटला. प्रत्येकाच्या तपासणीनंतर यंत्र पुसून निर्जंतुक करायचे, आणि वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यायच्या, हेही ठरून गेले आहे.

यंत्राची परीक्षा पावसाळ्यात होते. पट्टीवर एन्झाइमचा पातळ थर असतो, रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच यंत्र मोजते. हा थर दमट हवेत खराब होतो. जुलैत आमच्याकडे माळ्यावरच्या पापडालाही बुरशी येते, तिथे पट्टीची काय कथा! पहिल्या पावसाळ्यात डबीचे झाकण रात्रभर पडवीत अर्धवट उघडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी एकाच माणसाचे दोन बोटांचे आकडे १३४ आणि २०९ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आले. पट्टी बिघडली आहे की यंत्र, हे ओळखण्यासाठी साखरेचे प्रमाण ठरलेला नियंत्रण द्राव मिळतो, पण तो खोक्यात दिलेला नव्हता आणि दुकानदाराकडून मागवून घेण्यात तीन आठवडे गेले. ही कंपनीची कंजुषी मला अक्षम्य वाटते. हल्ली आम्ही एक पट्टी काढली की लगेच झाकण दाबून बंद करतो आणि डबी घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवत नाही.

अचूकतेबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक साखरेला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो आणि १०० च्या खाली १५ अंकांचा. तोही १०० पैकी ९५ मोजण्यांत पाळला गेला की पुरे. लॅबने १६० सांगितले आणि यंत्राने १७८ दाखवले तर यंत्र खोटे ठरत नाही. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा थोडी जास्तच असते. म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी आम्ही लॅबमध्येच करतो.

हापूसच्या दिवसांत वेगळाच घोटाळा होतो. पेट्या भरता-भरता एकाने आंबा चिरला, हात धोतराला पुसले आणि बोट टोचले, आकडा ३४२! घरात रडारड व्हायची बाकी होती. साबणाने हात धुऊन पुन्हा पाहिले तर १६८. बोटावरचा फळाचा रस नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने नीट जात नाही, साबण-पाणीच हवे आणि हात कोरडे हवेत.

यंत्राने आमच्या काही समजुतीही मोडल्या. नाचणीची भाकरी हवी तेवढी खावी, असे आम्ही एकमेकांना छातीठोक सांगत असू. दोन मोठ्या भाकऱ्यांनंतर दोन तासांनी माझा आकडा उकड्या तांदळाच्या भाताइतकाच आला. एक भाकरी, वाटीभर कुळथाची पिठी आणि बांगडा अशा जेवणानंतर तो पुष्कळ खाली राहिला. हा माझ्या एकट्याचा अनुभव आहे. सगळ्यांचे आकडे एकाच वहीत असल्यामुळे दुसऱ्याच्या ताटावर बोलायचा मोह होतो, आणि त्यावरून एकदा दोन जावांत अबोलाही झाला. मग प्रत्येकाचे पान वेगळे केले. वहीशिवाय मात्र गत्यंतर नाही, कारण यंत्राच्या स्मरणात नऊजणांचे आकडे एकाच माळेत राहतात. एकाहून अधिक माणसांची नोंद वेगळी ठेवायची सोय या यंत्रात नाही.

यंत्राचे पैसे वसूल झाले ते हरतालिकेच्या दिवशी. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन कडक उपवास धरलेल्या एका वहिनींना दुपारी दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. शेजारणीने यंत्र आणले, आकडा ५८ होता. ७० च्या खाली साखर गेली की थांबायचे नाही हे सगळ्यांना पाठ होते, म्हणून उपवासाचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी ८४ आल्यावर पेज आणि भाजी खायला लावली. आता सणाच्या आधी गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारून घेण्याची आठवण शेजारीणच करते.

घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की यंत्राची किंमत विचारण्याआधी जवळच्या औषधाच्या दुकानात त्याच्या पट्ट्या बारमाही मिळतात का ते विचारावे. आमची डबी मागच्या श्रावणात दोन आठवडे मिळाली नव्हती, आणि दुसऱ्या कंपनीची पट्टी या यंत्रात चालत नाही.