क्लीनवरून डिस्टॉर्शनवर: चॅनेल, पेडल, व्हॉल्यूम नॉब की प्रोसेसर?

इलेक्ट्रिक गिटारवर अंतरा क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजातल्या आर्पेजिओवर (कॉर्डचे सूर एकेक करून छेडत) चाललाय आणि पुढच्या समेवर भरदार डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला, करकरीत आवाज) हवंय. हा बदल अ‍ॅम्पमध्ये करायचा, अ‍ॅम्पच्या आधी करायचा की गिटारच्या नॉबवर? बहुतेक जण टोन ऐकून ठरवतात. पण ठाणे-नवी मुंबईत वाजवणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं: कार्यक्रमाला अ‍ॅम्प कोणाचा असणार? घाणेकर नाट्यगृह असो, वाशीचं भावे नाट्यगृह असो, कॉलेजचा फेस्ट असो की मंडळाचा ऑर्केस्ट्रा, अ‍ॅम्प साउंडवाल्याचा असेल तर तुमची निवड तिथेच अर्धी ठरली.

दोन चॅनेलचा अ‍ॅम्प आणि फूटस्विच

आवाजाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत समाधान देणारा. क्लीन आणि डिस्टॉर्शनचे प्रीअ‍ॅम्प (आवाज घडवणारा पहिला टप्पा) वेगळे, त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ती मात्रा, एकमेकांच्या आड येत नाही, आणि पायाखाली एकच बटण. पण विकत घेण्याआधी दोन चॅनेलमध्ये नक्की काय काय वेगळं आहे ते बघा. मार्शल डीएसएल४०सीआरमध्ये गेन आणि व्हॉल्यूम वेगळे आहेत, पण ट्रेबल-मिडल-बेस दोन्ही चॅनेलना एकच. क्लीनला चमक यावी म्हणून ट्रेबल वाढवला की डिस्टॉर्शन कानाला टोचतं. मग दोघांच्या मधला तोडगा काढावा लागतो. शिवाय वजन वीस किलोच्या वर. ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दीच्या वेळी हा अ‍ॅम्प चढवणं शक्यच नाही, टेम्पो किंवा गाडी धरूनच हिशेब करा.

फूटस्विचमध्ये चुका ठरलेल्या असतात. स्विच दोन प्रकारचे: एकदा दाबला की त्याच स्थितीत राहणारा, आणि दाबून धरला तेवढाच वेळ चालणारा. अ‍ॅम्पला पहिला हवा असताना दुसरा लावला, तर पाय उचलताच चॅनेल परत जातो. दोन बटणांच्या फूटस्विचला बहुधा स्टिरिओ जॅकची केबल लागते. तिथे साधी गिटार केबल लावली की तिच्या पिनचा लांब स्लीव्ह सॉकेटमधला रिंगचा संपर्क अर्थला जोडतो, आणि एक बटण काही केल्या चालत नाही. बिघाड स्विचमध्ये आहे असं वाटतं, असतो केबलमध्ये.

डिले (प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) वापरत असाल तर तो अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्येच (प्रीअ‍ॅम्पनंतर इफेक्ट जोडायच्या सेंड आणि रिटर्न जॅकमध्ये) हवा. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ठेवला तर प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा डिस्टॉर्ट होतो आणि सगळं गढूळ ऐकू येतं. म्हणजे पायापासून अ‍ॅम्पपर्यंत इनपुटची एक, लूपच्या दोन आणि फूटस्विचची एक, अशा चार केबल आल्या. आणि खाडीकाठच्या दमट हवेत लूपच्या रिटर्न जॅकमधला संपर्क गंजतो. आवाज मध्येच बसतो, अ‍ॅम्पला थाप मारली की परत येतो. लूपमध्ये काही जोडलेलं नसेल तर सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावून बघा. आवाज सुधारला तर दोष तिथेच. तो शो केबलवर निभावून न्या, नंतर जॅकला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

क्लीन अ‍ॅम्प आणि पुढे पेडल

भाड्याच्या अ‍ॅम्पवर वाजवणाऱ्याला आमची शिफारस हीच. समोर रोलंड जेसी-१२० आला काय किंवा दुसरा कुठला कॉम्बो आला काय, त्यातून क्लीन आवाज मिळतोच. तुमचं डिस्टॉर्शन पिशवीत तुमच्यासोबत आलेलं असतं. डिले डिस्टॉर्शननंतर लावला की झालं, लूप लागत नाही.

एकच पेडल घ्यायचं तर मिडचा (मधल्या पट्टीतल्या सुरांचा) नॉब असलेलं किंवा मुळातच मिड उचलणारं घ्या. ट्यूब स्क्रीमर जातीची पेडल स्टेजवर का टिकली त्याचं उत्तर त्या मिडमध्ये आहे. मिड कापून बेस-ट्रेबल वाढवलेला आवाज खोलीत भव्य वाटतो. बँडमध्ये खालचा भाग बेस गिटार खाते, वरचा झांजा खातात, गिटार दिसते पण ऐकू येत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काही ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारी) पेडल दाबताना टक् असा आवाज करतात. कपॅसिटरमधून झिरपलेला डीसी त्यामागे असतो; इनपुट-आउटपुटला १ मेगाओहमचा रेझिस्टर अर्थला जोडला की तो बहुतेक वेळा जातो. बॉस कंपनीच्या पेडलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच असल्याने ही कटकट नाही. पॉवर ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह, हे तपासूनच लावा. ॲनालॉग डिस्टॉर्शन आणि डिजिटल डिले एकाच साखळी वायरवर चालवले तर बारीक किणकिण येऊ शकते. वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट असलेला सप्लाय घ्या. दुसरी अडचण पायाची. डिस्टॉर्शन बंद आणि कोरस इफेक्ट चालू हे एकाच मात्रेवर हवं असेल तर दोन बटणं दाबावी लागतात. अशा जागा गाण्यांत खूप असतील तर लूप स्विचर (एका दाबात अनेक पेडल चालू-बंद करणारा बॉक्स) घ्या, नाहीतर त्यावर पैसे घालू नका.

गिटारचा व्हॉल्यूम नॉब

खर्च जवळपास शून्य. अ‍ॅम्प किंवा ओव्हरड्राइव्ह जेमतेम फाटेल इतक्या गेनवर ठेवायचा, १० वर डिस्टॉर्शन, ५-६ वर क्लीन. नॉब कमी केला की ट्रेबलही पडतो. त्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) इनपुट आणि आउटपुट टोकांमध्ये १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करतात. ब्लूज, जुनं रॉक, भावगीताच्या मागे हलका ओव्हरड्राइव्ह, इतक्याला पुरतं. मेटलच्या गेनवर मात्र नॉब खाली आणूनही आवाज साफ होत नाही. शिवाय क्लीन हळू आणि डिस्टॉर्शन मोठं, हे नातं बदलता येत नाही.

दोन अ‍ॅम्प आणि एबी बॉक्स (गिटारचा सिग्नल या किंवा त्या अ‍ॅम्पला वळवणारा स्विच) हा प्रकार फक्त स्वतःची गाडी आणि माणसं असतील तर. दोन अ‍ॅम्पचे अर्थ एकत्र आले की हम (सततची घुमणारी गुणगुण) सुरू होतो. तो घालवायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला बॉक्स घ्या. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढणं हा उपाय नव्हे. त्यात जीव जाऊ शकतो.

प्रोसेसर, थेट मिक्सरला

अ‍ॅम्प मिळण्याचीच खात्री नसेल तर प्रोसेसरच, म्हणजे अ‍ॅम्प आणि इफेक्ट डिजिटल पद्धतीने घडवणारं पायाखालचं यंत्र. पण एक क्लीन प्रीसेट (साठवून ठेवलेलं सेटिंग), एक डिस्टॉर्शन प्रीसेट असं करू नका. बऱ्याच प्रोसेसरमध्ये प्रीसेट बदलताना क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते. एकाच प्रीसेटमध्ये सीन किंवा स्नॅपशॉट वापरा. लाइन ६ हेलिक्समध्ये असे ८ स्नॅपशॉट मिळतात, आणि एका दाबात डिस्टॉर्शन, कोरस, लेव्हल सगळं बदलतं. वर सांगितलेल्या पायाच्या अडचणीवर हे सर्वांत स्वच्छ उत्तर. अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडणार असाल तर कॅब सिम्युलेशन (स्पीकर कॅबिनेटची नक्कल) बंद, मिक्सरला जाणार असाल तर चालू. एक्सएलआर (मिक्सरला जाणारी तीन पिनची केबल) लावण्याआधी साउंडवाल्याला त्या चॅनेलचं ४८ व्होल्ट फँटम (माइकसाठी केबलमधून येणारी वीज) बंद करायला सांगा. मॉनिटरमध्ये गिटार नीट देत नसतील तर मात्र हा पर्याय निराश करतो, कारण मागे अ‍ॅम्पच नसतो.

लेव्हल कशी लावायची

कुठलाही पर्याय घ्या, स्टेजवर फसतं ते इथेच. घरी बरोबरीची केलेली लेव्हल बँडमध्ये बरोबरीची राहत नाही. डिस्टॉर्शनमध्ये आवाजाची शिखरं दाबली जातात, क्लीनमध्ये पिकचा फटका सुटा ऐकू येतो. म्हणून साउंडचेकला आधी क्लीन लावा, गायक आणि ड्रम चालू असताना. मग तेच कॉर्ड डिस्टॉर्शनवर वाजवत पेडलचं लेव्हल वाढवा, गायकाचे शब्द झाकायला लागले की किंचित मागे या. गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा, मिड जास्त. सोलोसाठी आणखी ३ डेसिबल हवेत. त्यासाठी गेन न वाढवता डिस्टॉर्शननंतर वेगळा बूस्ट (लेव्हल वाढवणारं पेडल) लावा, कारण डिस्टॉर्शनच्या आधी लावलेला बूस्ट आवाज फारसा वाढवत नाही, डिस्टॉर्शनच वाढवतो. नाट्यगृहात लाइटचे डिमर चालू करायला सांगून मगच सिंगल कॉइल पिकअपची भुणभुण ऐका. ती फार असेल तर आधी स्टेजवरची उभं राहण्याची दिशा बदलून बघा, मग लाइटपासून वेगळा पॉइंट मागा. सगळं जमलं की नॉबच्या जागा टेपने खुणावून ठेवा.