जळणासाठी चेनसॉ: पडवीतली जुनी की खोक्यातली नवी?

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या बागा झोपवल्या आणि पुढच्याच वर्षी, 16 मे 2021 ला, तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. तोवर कोकणातल्या बऱ्याच वाड्यांमध्ये कटर, म्हणजे चेनसॉ, ही मशीनवर फिरणाऱ्या साखळीची करवत, लाकडाचा व्यापारी आपल्या माणसाबरोबर पाठवायचा अशी वस्तू होती. वादळानंतर घराघरांसमोर आंबे-फणस आडवे पडले होते, वाटा बंद होत्या, आणि कुऱ्हाडीने ते उरकण्यासारखं नव्हतं. लोकांनी मिळेल ती चेनसॉ घेतली. त्यांतल्या बऱ्याच आता मागच्या पडवीत खताच्या पिशव्यांआड पडून आहेत, आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये जळण करायची वेळ आली की तोच प्रश्न येतो: हिला दुरुस्त करू, कुणाची चांगली जुनी घेऊ, की नवीन मागवू?

हे लिहितोय ते न्हाणीच्या पाण्याला, चुलीला आणि भात उकडायला वर्षाचं जळण घरीच करणाऱ्यांसाठी. धंद्यासाठी लाकूड कापणाऱ्याचं गणित वेगळं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: पडलेलं, वाळलेलं, रोठ्याने (खोड पोखरणाऱ्या किडीने) खाल्लेलं काजूचं झाड कापणं निराळं आणि उभं झाड तोडणं निराळं. उभ्या झाडासाठी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 लागू होतो. झाड कुठल्या जातीचं आहे ते पाहून परवानगीची चौकशी करा आणि मगच दोरी ओढा.

तीन मशिनी शेजारी शेजारी ठेवून

पहिली, जुनी दणकट. वखारीतून किंवा ठेकेदाराकडून निघालेली स्टिल कंपनीची 026, 038, किंवा हुस्कवर्ना कंपनीची 61, 268 या पिढीतली. हिचं क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) मॅग्नेशियमचं, वजन हाताला जाणवणारं, आणि रचना अशी की पाने-स्क्रू घेऊन बसलेल्या माणसाला आतलं सगळं हाताशी येतं. कार्बोरेटरला बाहेरून फिरवता येणारे स्क्रू आहेत. वीस-तीस वर्षं चाललेली ही मशीन बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा लोखंडाचा दोष नसतो, रबराचा असतो.

दुसरी, नवी स्वस्त. ऑनलाइन 5 ते 9 हजारांच्या आसपास मिळणारी, अंगावर 58 सीसी छापलेली, 22 इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लोखंडी पट्टी) लावलेली. वादळानंतर घेतल्या गेल्या त्या मुख्यतः याच. हिला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. सुटे भाग स्वस्त आहेत, एकीचे दुसरीला बसतात, आणि इंजिनात दम असतो. अडचण अशी की दोन सारख्या दिसणाऱ्या मशिनी सारख्या नसतात. एकीचा ऑइल पंप नीट, दुसरीचा कोरडा. एकीची पेट्रोलची नळी दोन वर्षं टिकते, दुसरीची पहिल्याच पावसाळ्यात चिरते. स्क्रू थरथरून सुटतात. घेतल्यावर पहिले दोन दिवस दर तासाला सगळे स्क्रू आवळावे लागतील हे धरूनच घ्या.

तिसरी, नवी, छोटी, नावाजलेल्या कंपनीची, स्टिल एमएस 180 सारखी. 31.8 सीसी, 14 किंवा 16 इंची बार. स्वस्त मशीनच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात, पण वीत-दीड वीत जाडीच्या फांद्यांचं जळण करायला ही पुरून उरते आणि कमरेला त्रास देत नाही. उणीव एवढीच की इंजिन प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेलं आहे. क्रँकचं सील (इंजिनात बाहेरची हवा शिरू न देणारं रबरी कडं) बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. जुन्या दणकटसारखी ही पडवीत बसून उघडण्याची मशीन नव्हे.

विजेवर चालणारीचा विचार थोडक्यात. घराच्या मागीलदारी, मीटरपासून जवळ, वर्षाला चार-सहा दिवसांचं काम असेल तर ती चांगली. ना पेट्रोल, ना कार्बोरेटर. पण 2000 वॅटची मोटर नऊएक अँपिअर ओढते. बागेपर्यंत शंभर फूट बारीक वायर नेली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. वायर जाड घ्या, नाहीतर लाकडंच अंगणात आणा.

बारच्या लांबीची भूल

नवी स्वस्त घेणारे बहुतेक जण 22 इंची बार पाहून खूश होतात. जळणाला तो नको. आपलं लाकूड आठ-दहा इंचाचं आणि चुलीसाठी ओंडका फूट-सव्वा फुटाचा. लांब बारचं टोक पलीकडे कुठे लागतंय ते दिसत नाही. ते मातीत घुसतं, दगडाला लागतं, किंवा दुसऱ्या ओंडक्याला टेकून उलटा झटका देतं.

धारेचा हिशोबही पाहा. या 22 इंची चेनला 86 आतल्या कड्या, दोन कड्यांमागे एक दाता, म्हणजे 43 दाते. दर दात्याला कानशीचे तीन हात म्हटले तर 129 हात. एमएस 180 च्या 16 इंची चेनला 55 कड्या, दाते 27-28, म्हणजे साधारण 84 हात. स्वस्त मशीन आधीच घेतली असेल तर तिला 18 इंची बार आणि 72 कड्यांची चेन लावा. त्याच इंजिनाला एकदम हलकं वाटू लागतं. माझ्या मते त्या मशीनवर करायचा पहिला खर्च हाच.

धार: कानस की दुकानातली चक्की

मशीन निवडण्याआधी स्वतःला विचारा: घरात गोल कानस कोण हातात धरणार? याचं उत्तर 'कुणीच नाही' असेल तर नवी-जुनीचा वाद सोडा, वर्षातून दोन दिवस मशीनवाल्या माणसाला बोलवा. बोथट चेनवर चांगल्यात चांगली मशीन जळते. माणूस ती दाबून धरतो, बार तापतो, क्लच घसरतो, आणि दोष मशीनला लागतो.

दुकानातल्या चक्कीवर, म्हणजे धार लावायच्या फिरत्या चाकावर, धार पाच मिनिटांत होते आणि सगळे दाते एका मापाचे निघतात. दगडाला लागून दाते तुटले असतील, लहान-मोठे झाले असतील, तर एकदा चक्कीवर नेणं बरोबरच. पण घाईत दाता निळा पडला की त्याचं पाणी उतरतं किंवा कडा अवाजवी कडक होते. पुढच्या वेळी कानस त्यावरून नुसती सरकते. शिवाय चक्की एका बैठकीत जेवढं लोखंड खाते तेवढ्यात कानशीने कितीतरी वेळा धार झाली असती. माझी एक चांगली चेन अशीच तीन फेऱ्यांत संपली. तेव्हापासून मी चेन दुकानात देत नाही.

कानशीचं माप चुकवू नका. एमएस 180 सारख्या छोट्या मशीनच्या चेनला 4 मिमी, स्वस्त 58 सीसीच्या .325 चेनला (हे कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप) 4.8 मिमी, जुन्या मोठ्या मशीनच्या 3/8 चेनला 5.2 किंवा 5.5 मिमी. दात्याच्या वरच्या पृष्ठावर तिरकी रेघ असते, ती साधारण 30 अंशांची. तिला समांतर, आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाब द्यायचा. परत आणताना कानस उचलायची. कानशीचा पाचवा हिस्सा दात्याच्या वर राहिला पाहिजे, खाली दाबली तर दाता आकड्यासारखा होतो आणि लाकडात अडकतो. एका बाजूचे सगळे दाते आधी, मग दुसऱ्या बाजूचे. आपला उजवा हात जोरकस असल्याने एका बाजूचे दाते आखूड होतात आणि काप तिरका जातो. काप डावीकडे-उजवीकडे पळायला लागला की बारला शिव्या देण्याआधी दात्यांची लांबी मोजा.

दात्याच्या पुढचा उंचवटा किती खोल कापायचं ते ठरवतो. दाता झिजत खाली येतो तसा तोही सपाट कानशीने उतरवावा लागतो, जळणाच्या चेनला 0.65 मिमी फरक ठेवून. हे न करणारे म्हणतात, 'धार केली तरी कापत नाही.' आणि अंदाजाने जास्त उतरवणारे झटके खातात. त्यासाठी छोटी पट्टी मिळते, ती घ्याच.

दात्याचा हा वाकडा आकार आला कुठून, हे मला फार आवडतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये ओंडक्यात लाकूड कुरतडणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती उभ्या-आडव्या कुठल्याही रेषेत सहज पोखरत होती, दोन्ही बाजूंच्या जबड्यांनी. त्याने तोच जबडा पोलादात घडवला आणि 1947 मध्ये चेन विकायला काढली. आपल्या काजूत शिरणारा रोठा हा त्याच लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. काजूचं झाड पाडणाराच तो, आणि पडलेलं झाड कापायच्या चेनवरही त्याच्या कुळाचा जबडा.

धार गेली हे भुशावरून कळतं. लांब, जाड चुरे पडताहेत तोवर ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा. आपल्याकडे ती वेळ लवकर येते, कारण ओढून आणलेल्या ओंडक्याच्या सालीत तांबडी माती घट्ट बसलेली असते. कापायच्या जागी कोयत्याने साल तासून घ्या, ओंडका आडव्या लाकडावर उचलून ठेवा. माडाच्या खोडाला वेगळी चेन राखून ठेवा, ते फार लवकर धार खातं.

जुनी घेताना काय पाहायचं

पहिलं, मशीन बंद ठेवून दोरीच्या मुठीने उचला. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरची हवा दाबून धरायची ताकद) आहे. सरसर खाली आली तर पिस्टन-सिलिंडर गेलेत असं समजा. मग सायलेन्सर काढून टॉर्चने आत पिस्टन पाहा. गुळगुळीत हवा. उभे ओरखडे दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. चालू करून तशीच सोडली तर आवाज वर-खाली होत राहतो का ऐका. क्रँकच्या सीलमधून हवा आत जात असेल तर असं होतं, आणि तशी मशीन तेलाविना स्वतःला जाळून घेते.

ब्रेक नसलेली मशीन घेऊ नका. स्टिलने 1972 मध्ये चेनचा ब्रेक बाजारात आणला, त्यामुळे जुनी असल्याची सबब याला चालत नाही. पुढच्या मुठीसमोरचा पंजा (हाताची ढाल) ढकलल्यावर चेन जागेवर थांबली पाहिजे. मुठीखालचे रबर तुटले असतील तर अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, तेही बघा.

एवढं ठीक असेल तर उरतं ते रबराचं काम. पेट्रोलची नळी, टाकीतलं गाळणं, कार्बोरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे), प्लग. या गोष्टी न विचारता बदला. आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा. म्हणून इंजिनासाठी तेल मिक्स केलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवायचं नाही. कंपनीचं 50:1 चं तेल असेल तर लिटरला 20 मिली, साधं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) असेल तर 25:1, म्हणजे 40 मिली. धूर थोडा जास्त येईल, पिस्टन मात्र वाचेल.

बारच्या तेलाच्या बाबतीत लोक काटकसर करतात आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततात. त्यात लोखंडाची बारीक कीस असते, ती पंप आणि बारची खाच दोन्ही खाते. तेल पोहोचतंय का ते पाहायला चालू चेनचं टोक सुक्या खोडासमोर हातभर अंतरावर धरा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. बार दर वेळी उलटा करून लावा, दोन्ही कडा सारख्या झिजतात. दोन चेन संपल्या की चेन फिरवणारं मागचं दातेरी चाकही बदला. झिजलेल्या चाकावर नवी चेन घालणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं.

माझी निवड कुणासाठी कुठली

ज्यांच्या घरात स्क्रू उघडायची आवड असलेला माणूस आहे आणि कॉम्प्रेशन चांगलं असलेली जुनी मशीन योग्य भावात मिळतेय, त्यांनी डोळे झाकून जुनी घ्यावी. वय झालेल्यांना, एकट्याने काम करणाऱ्यांना छोटी नवीच बरी, कारण संध्याकाळी पाचला थकलेल्या हातात पाच किलो आणि सात किलो यांत खूप अंतर असतं आणि अपघात त्याच वेळी होतात. पडवीत वादळानंतरची स्वस्त मशीन पडलेली आहे, त्यांनी नवीन काही मागवण्याआधी तिची नळी, डायफ्राम, प्लग आणि बार बदलून पाहावं. नवीनच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडा आहे, आणि पाव दिवसात काम होतं.

कुठलीही घेतली तरी मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय अडकवून चालू करा. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घ्या, बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लावू नका, कानात बोळे आणि पायात बूट असू द्या. चप्पल घालून कापणाऱ्याशेजारी मी उभाही राहत नाही.

मृगाआधी शेवटचा ओंडका खोपीत गेला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर कोरडा झाला की डायफ्राम चिकटत नाहीत. चेन काढून तेलात बुडवून ठेवा आणि मशीन जमिनीवर न ठेवता माळ्यावर, चुलीच्या धगीपासून दूर टांगा.