२८० रुपयांचा पिवळा मीटर, आठ महिन्यांनंतर: काम चोख, पण ती नऊ व्होल्टची बॅटरी!

मीटर, म्हणजे व्होल्ट-अँपियर मोजायचा मल्टिमीटर, अजून चालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याला बऱ्याच शिव्या घालणार आहे.

पिवळा, ८३० नंबर छापलेला, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात टांगलेला असतो तोच. साताऱ्यात राजवाड्याजवळ घेतला. फीचर सांगत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलाय.

घेतला तो रागाच्या भरात. जूनमध्ये कास पठारावरून बाइकनं उतरताना यवतेश्वर घाटातच हेडलाइट मिणमिणायला लागला. घाट उतरलो आणि पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी रस्त्यात, गाडी बंद. इंजेक्शनची गाडी, कीक नाही. बॅटरी पार उतरली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग धक्का मारून काय उपयोग? भर पावसात चढावर ढकलली. सर्व्हिस सेंटरनं बॅटरी बदलली, १,९०० रुपये. नऊ दिवसांत तीही झोपली. मग म्हणे, "कॉइल प्लेट गेली, ७,४०० होतील." (इंजिनावर फिरून वीज तयार होते ती हीच कॉइल.) कशावरून? तर "या गाडीत तेच जातं." मोजलं काहीच नव्हतं.

शेजारी मोटार रिवाइंडिंगवाले काका राहतात. ते म्हणाले, "मोजल्याबिगर रुपाया सोडू नगंस." तर हा मीटर.

बॅटरी चार्जरवर भरून आणली. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, ठीक. चालू करून चार हजार आरपीएमला १२.९. तिथे १३.८ ते १४.५ हवं होतं. म्हणजे चार्जिंग कमी पडतंय, इथवर सर्व्हिसवाले बरोबर. मग कॉइलच्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) सुटा केला, मीटर एसी २०० वर ठेवला आणि दोन-दोन वायरी धरून मोजलं. स्लोवर तिन्ही जोड्यांत १८-१८, रेस दिल्यावर तिन्हींत ५५ च्या आसपास. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे येतात का, हे महत्त्वाचं. इंजिन बंद करून कुठलीही पिवळी वायर बॉडीला लागलेली नाही ना, तेही पाहिलं, नव्हती. ७,४०० ची कॉइल ठणठणीत!

(कॉइलचा ओहम, म्हणजे रोध, मोजायचा असेल तर आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. माझा तेव्हाच ०.७ दाखवतो. कॉइलला १.१ आले, म्हणजे खरे ०.४. हे वजा केलं नाहीत तर चांगली कॉइल वाईट ठरेल.)

खरी करामत पुढची. कपलर परत जोडला, गाडी चालू, लाइट तर चालूच असतो. एक टोक रेग्युलेटरच्या (कॉइलची वीज बॅटरीजोगी करणारा डबा) बाहेर येणाऱ्या प्लस वायरला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. इथे ०.२-०.३ च्या वर काही दिसता कामा नये. मला दिसलं १.४. रेग्युलेटर १४.३ सोडतोय आणि बॅटरीला पोचतात १२.९, मधले वाटेतच जळताहेत. वायर चाचपत गेलो तर टाकीखालचा कपलर हाताला चटका देत होता. उघडला, तर पिना हिरव्यागार आणि प्लॅस्टिक तपकिरी. साताऱ्याचा पाऊस, दुसरं काय! नवा कपलर, पिना, थोडं ग्रीस: ६० रुपये. बॅटरीवर १४.२.

त्या रात्री मी याला पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. ते आता मागे घेतो.

ऑक्टोबरात सहज मोजलं, तर चालू गाडीत १५.८! पंधराच्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळणार. तडक दुकानात जाऊन भाव काढला, २,३०० रुपये. पैसे काढायला एटीएमला निघालो आणि चावी फिरवण्याआधी सवयीनं पुन्हा टोकं लावली. बंद गाडीची बॅटरी १४ दाखवतेय. अहो, बंद गाडीची! घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळाचा कोरा सेल मोजला: १.७७. गाडी ठीक होती, मीटर भ्रमिष्ट झाला होता. याच्या पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली की हा वाढवून आकडे सांगतो. बॅटरीची खूण पडद्यावर येते म्हणे. माझ्यात ती आली नाही.

आणि उतरते का, तर हा आपोआप बंद होत नाही. मधली फिरवायची चकती 'ऑफ'वर न्यायची विसरलात की रात्रभर चालूच. बदलायला मागचे दोन स्क्रू काढायचे. एक बॅटरी ४० रुपयांची, आठ महिन्यांत तीन झाल्या. १२० रुपये! म्हणजे मीटर पडला ४०० ला. दुकानदाराला बोललो तर म्हणाला, "चौदाशेवाला घ्या, आपोआप बंद होतो." मी एका चकतीसाठी हजार रुपये जास्त देणारा माणूस नाही.

करंट मोजायच्या दहा अँपियरच्या भोकात लाल वायर विसरून बॅटरीचं व्होल्टेज मोजू नका, एवढं मात्र ऐका. त्या भोकाला फ्यूज नाही, तसं तिथे छापलेलंही आहे. मी मोजलं. ठिणगी उडाली, लाल टोकाचं टोकच गेलं.

आता घड्याळाचा एक कोरा सेल मीटरच्या खोक्यातच ठेवलाय. आधी तो मोजायचा, १.६ च्या आसपास आला तरच गाडीकडे जायचं. घड्याळ महिनाभर बंद आहे, बायको रोज विचारते.

तीन तारे. चौथा दिला असता, पण परवा काका मीटर घेऊन गेले होते. काल परत आणून दिला, तर चकती वीसवर.